लांब पळताना मीठ किती, पाणी किती

शनिवारी संध्याकाळी माझ्या औषधांच्या दुकानात पळणारी मंडळी येतात. कुणी ओआरएसचे पुडे नेतं, कुणी मिठाच्या गोळ्या, कुणी दोन्ही. स्वतःला तासाला घाम किती येतो, हे मात्र विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. आधी तेवढं मोजा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

मोजायची रीत सोपी आहे. पळायला निघण्याआधी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक-दीड तास नेहमीच्या वेगाने पळा. वाटेत किती पाणी प्यालात ते लक्षात ठेवा. परत आल्यावर अंग टॉवेलने कोरडं करा, भिजलेले कपडे काढा आणि पुन्हा वजन करा. समजा निघताना ७२ किलो होतं, आल्यावर ७०.६ भरलं आणि वाटेत अर्धा लिटर पाणी पोटात गेलं. म्हणजे १.४ किलो घट आणि वर ते अर्धा लिटर, एकूण १.९ लिटर घाम. दीड तासाला एवढा, तर तासाला साधारण सव्वा लिटर. हे माप एप्रिलमध्ये एकदा आणि मेमध्ये पुन्हा घ्या, कारण आकडा बदलतो.

घामातल्या मिठाचं तसं नाही, ते घरी मोजता येत नाही. एका लिटर घामातून साधारण अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम जातं, इतका माणसामाणसांत फरक असतो. अंदाज मात्र बांधता येतो. गडद रंगाची टोपी घालून पळा आणि ती न धुता सावलीत वाळवा. कडेला पांढऱ्या रेघा जाड उमटल्या, घाम डोळ्यांत गेल्यावर जळजळला, कानामागे बोट फिरवल्यावर खरखर लागली, तर तुमचा घाम खारट आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम येता येताच वाळतो, त्यामुळे ‘मला घाम येतच नाही’ म्हणणारे इथे पुष्कळ भेटतात. त्यांनी टोपी बघावी. मुंबईत उलट होतं. हवा दमट, घाम वाळत नाही, नुसता ओघळतो आणि अंग थंडही होत नाही. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरनंतर येतो. सावकाश पळणाऱ्यांना तो डोक्यावर ऊन घेऊनच चढावा लागतो. विदर्भातल्या थंडीत तयारी करून तिथे जाणाऱ्याने हे धरूनच चालावं.

आता बाटली. तासाभराच्या आतल्या धावेला साधं पाणी पुरतं, मीठ आपल्या जेवणातून भरपूर मिळतं. त्यापुढे घरचं लिंबू सरबत चांगलं काम करतं, फक्त ते मापाने करायला हवं. १ लिटर पाणी, एका लिंबाचा रस, ९ ते १० सपाट चमचे साखर आणि पाव चमचा बारीक मीठ. चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत येतो तो ५ मिलीचा. स्वयंपाकघरातले चमचे वाट्टेल त्या आकाराचे असतात. मीठ चमच्यात दाबू नका, सुरीच्या पाठीने वरून सपाट करा. त्या पाव चमच्यात सुमारे दीड ग्रॅम मीठ येतं, म्हणजे साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम. साखर ३५ ते ४० ग्रॅम होते. दोन तासांच्या पुढे पळणार असाल आणि घाम खारट असेल, तर मीठ थोडं वाढवा, पण लिटरमागे चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. चव हलकी खारट लागावी. घोट घेताना तोंड वाकडं झालं, तर मीठ जास्त पडलंय, तेवढं पाणी वाढवा. गेलेलं सगळं मीठ धावतानाच परत घालायची गरज नसते, पोटाला ते झेपतही नाही. तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम बहुतेकांना पुरतं.

साखर टाळू नका. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. ओआरएसचं सगळं शास्त्र याच जोडीवर उभं आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरं पडायला लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून हजारो जीव वाचवले. काउंटरवरून तो पुडा देताना मला त्यांची आठवण होते.

पण तो पुडा जुलाबाच्या रुग्णासाठी बनवलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि अवघं साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. मीठ भरपूर, पायांना लागणारी साखर कमी. खूप खारट घाम येणाऱ्याला तो चालतो, तेव्हा सोबत केळं किंवा खजूर ठेवा. मोठा पुडा पूर्ण १ लिटरमध्येच कालवा, अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबू नका. आणि फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. ते फार आधी व्हायला हवं होतं.

शहाळ्याचं पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी. घामातून मुख्यतः सोडियम जातं, म्हणून शहाळ्यात चिमूटभर मीठ घाला. सैंधव वापरलं तरी फरक पडत नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. पाणी तहान लागेल तसं प्या. प्रत्येक हायड्रेशन पॉइंटवर सक्तीने बाटली रिकामी करणं धोक्याचं असतं. पोटात गेलेलं पाणी बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झालं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका सर्वांत जास्त होता. साधं पाणी प्याले की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक पडला नव्हता. म्हणजे बाटलीत मीठ आहे म्हणून लिटरामागून लिटर ढोसता येत नाही. शर्यतीनंतर वजन एक-दोन टक्के घटलेलं चालतं, वाढलेलं चालत नाही.

बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, मळमळतंय, डोकं दुखतंय, तर पाणी थांबवा. माणूस बरळायला लागला, दिशा चुकायला लागला, तर त्याला काहीही पाजू नका, १०८ ला फोन करा. अंग भाजत असेल तर उष्माघात समजून सावलीत न्या आणि थंड पाण्याने, बर्फाने अंग गार करायला तत्काळ सुरुवात करा. दवाखान्यात पोचल्यावर ‘मॅरेथॉन पळत होता, सोडियम तपासा’ हे आवर्जून सांगा.

पोटरीत गोळा आला की सगळे मीठ चाटतात. बरेचसे गोळे थकव्याने, न पेलणारा वेग धरल्याने येतात. थांबा, पोटरी ताणा, वेग कमी करा. मीठ त्यानंतर.

उन्हाची सवय हीच मोठी तयारी. रोज थोडं थोडं असं दहा-चौदा दिवस उकाड्यात पळालं, की शरीर घामातलं मीठ वाचवायला शिकतं. पळून आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, वरण-भातावर लिंबू, यात सगळं भरून निघतं, वेगळी गोळी लागत नाही.

रक्तदाबाची, मूत्रपिंडाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मीठ वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि शर्यतीच्या सकाळी गुडघा दुखू नये म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन निघू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात, सोडियम घसरण्याचा धोकाही वाढवतात. शनिवारी कुणी ती मागायला आलं, की उद्या पळणार आहात का, हे मी आधी विचारते.