ऑक्युपेशनल हेल्थचा धडा आटोक्यात कसा आणावा

पीएसएममधला (मेडिकलच्या सामाजिक आरोग्य विषयातला) कामामुळे होणाऱ्या आजारांचा हा धडा शिकवायला यंदा तुमच्या गळ्यात पडला असेल, तर आधी पेन्सिल घ्या आणि सरकारला कळवावेच लागणाऱ्या २९ आजारांची कायद्यातली यादी काढा. आपल्या ओपीडीत येऊ शकतील त्यांच्यापुढे खूण करा. कोल्हापुरात माझ्या खुणा सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार), आवाजाने येणारा बहिरेपणा, त्वचारोग आणि शिशाची विषबाधा यांच्यापुढे आहेत. अँथ्रॅक्स, बेरिलियम आणि फॉस्जिन वायूची विषबाधा यांचा एक तक्ता करून घरी वाचायला देते. परीक्षेत विचारतात म्हणून, नाहीतर तोही दिला नसता. कंबरदुखी त्या यादीत नाहीच. मोळ्या वाहणाऱ्या ऊसतोड बाईची कंबर तुम्हालाच वर्गात आणावी लागेल.

मग एकच धूळ नीट शिकवा. मी इथल्या शिरोलीच्या फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली सिलिका घेते. वाळूचा साचा फोडताना आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगच्या खडबडीत कडा घासताना ती उठते. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते ती दिसतच नाही. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो, वर टीबीचा धोका. आधी पाणी मारणं, मग धूळ ओढून घेणारा पंखा, मास्क सगळ्यांत शेवटी. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हे दोनदा सांगा. एवढं झालं की बायसिनोसिस (कापसाच्या धुळीचा), बॅगासोसिस (उसाच्या चिपाडाच्या धुळीचा) हे आजार झटपट उरकतात, कारण प्रश्न तेच: धूळ कुठली, कधी उठते, छातीत काय करते, अडवायची कुठे?

आवाजासाठी इचलकरंजीला साध्या मागांच्या शेडमध्ये पोरांना हाताच्या अंतरावर उभं करून बोलायला लावा. ओरडावं लागलं की ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झवर पडणारा बहिरेपणाचा खड्डा वेगळा समजवावा लागत नाही. मालकाची परवानगी काढताना ‘तपासणी’ हा शब्द मात्र तोंडातून काढू नका.

‘व्यवसाय: मजुरी’ असं लिहिलेला केसपेपर सरळ परत द्या. कोणत्या मशीनवर, किती वर्षं, त्याआधी कुठे, ठेकेदाराकडे की कंपनीच्या पगारावर, ईएसआय (कामगार विमा) कापतात का, हे सगळं त्यावर आलं पाहिजे.

इंटर्नल परीक्षेला ‘न्यूमोकोनिओसिसचे (धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांचे) प्रकार लिहा’ नको. फेटलिंगचा अडतीस वर्षांचा कामगार द्या, खोकला जुना, थुंकी टीबीसाठी निगेटिव्ह. काय विचाराल, कुणाला कळवाल? ‘कळवाल’वर निम्मे गुण ठेवा. डॉक्टरने कळवायची तरतूद कारखाना कायद्यात कलम ८९ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता (ओएसएच कोड) लागू झाली, तिच्यात ती कलम १२ मध्ये आहे. जुन्या गाइडमधून ८९ लिहून आलेल्या पोराचे गुण मी कापत नाही. कळवायचं असतं एवढं त्याला ठाऊक आहे, बाकी दुरुस्ती तिथल्या तिथे होते.