शेतावरच्या कुत्र्याला कायमची ओळख कशी द्यावी

"गळ्यात पट्टा आहे, गावात सगळे ओळखतात, आणखी काय पाहिजे?" हे मी दरवेळी ऐकते. पट्टा बाभळीच्या कुंपणात अडकून तुटतो आणि ओळखणारं गाव दोन कोसांवर संपतं. वरूडकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. रानडुकरांपायी जागलीला कुत्री ठेवावीच लागतात. घरची आणि सोयऱ्यांची मिळून चौदा कुत्री मी स्वतः धरून बसले आणि डॉक्टरांकडून चिप, म्हणजे कातडीखाली बसवायचा, नंबर सांगणारा बारीक दाणा, लावून घेतली. त्यातल्या पहिल्याच कुत्र्याने मला जे शिकवलं ते पुढे सांगते.

आधी नको ते बाद करू.

खूण म्हणून पिल्लाचे कान कापायचा सल्ला अजूनही पारावर मिळतो. असा सल्ला देणाऱ्याला उठवून लावा. अवयव कापणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि कापलेले कान गावात दहा कुत्र्यांना असतात, मग ओळख कसली? रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला एक छोटी खाच दिसते, ती वेगळी. नसबंदी झाल्याची ती खूण आहे आणि डॉक्टर ती भूल दिलेली असतानाच करतात. मालक कोण, हे तिच्यावरून कळत नाही.

ढोरांच्या कानाला बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो, तोच कुत्र्याला का नाही? कारण गाय मान खाली घालून चरते आणि कुत्रं भांडतं, खाजवतं, झुडपात घुसतं. बिल्ला जाईल आणि जाताना कानही फाडेल.

गोंदण बरं. कानाच्या आत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला आकडे गोंदतात आणि ते वाचायला यंत्र लागत नाही. पण आजीच्या हातावरचं गोंदण अजून दिसतं म्हणून कुत्र्याचंही दिसेल, असं धरून चालू नका. पिल्लू वाढतं तसे आकडे पसरतात, वर केस येतात, आणि काळ्या कातडीवर शाई मुळातच उठत नाही. शिवाय भूल द्यावी लागते. नसबंदीच्या वेळी भूल देणारच असतील आणि डॉक्टरांना गोंदता येत असेल, तर जोडीला करून घ्या. एकट्या गोंदणावर मात्र विसंबू नका.

नाकाचा ठसा माणसाच्या अंगठ्यासारखा प्रत्येक कुत्र्याचा वेगळा असतो. नाक पुसून, उजेडात, जवळून फोटो काढून ठेवा. फुकट आहे. पण भांडण लागलं की तो जुळवून दाखवणारा माणूस कुठून आणाल? डीएनए चाचणीचंही तेच, गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा प्रयोगशाळेत जातो आणि उत्तराची वाट बघत बसावं लागतं.

राहिली चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि पंधरा आकड्यांचा एक नंबर सांगते. नाव नाही, फोन नाही, पत्ता नाही. आणि कुत्रं कुठे आहे ते मोबाइलवर दिसत नाही, हे मी निदान शंभर जणांना सांगितलं असेल.

चिप लावणं

चिप १३४.२ किलोहर्ट्झची, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची मागा. डॉक्टर दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुई घालतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते, कुत्रं एकदा कुंई करतं, संपलं. त्या जागी चोळू नका आणि काही दिवस आंघोळ घालू नका. कुत्रं कधी युरोपात पाठवायची वेळ आलीच, तर चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम तिथे सक्तीचा आहे. आमच्याकडून अजून कुणी गेलेलं नाही.

चिप वाचणं: खरी अडचण इथे आहे

तो पहिला कुत्रा म्हणजे माझा शेरू. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पळाला. तीन आठवड्यांनी बारा किलोमीटरवरच्या एका गावात सापडला, दुसऱ्याच्या अंगणात बांधलेला, नाव टायगर. घरमालक म्हणाले, "ताई, हे आमचंच आहे, पिल्लापासून." मी म्हटलं, "भाऊ, याच्यात चिप आहे, चला दवाखान्यात." दोन्ही गावची मंडळी जमली. डॉक्टरांनी स्कॅनर मानेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. काहीच नाही. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. शेरू तेवढ्यात माझी चप्पल चाटत होता, पण चप्पल चाटणं पुरावा धरत नाहीत.

तिथल्या एका शिकाऊ मुलाने स्कॅनर हातात घेतला आणि सावकाश खाली, पायाकडे नेला. डाव्या कोपराशी तो वाजला. चिप सरकली होती. असं होतं. सैल कातडीत ती खांद्यावर, कोपरापर्यंत उतरते. आमची तर लावल्यापासून एकदाही कुणी वाचली नव्हती.

म्हणून आता मी अडून बसते. चिप लावायच्या आधी कुत्र्यावर स्कॅनर फिरवायचा. आणलेल्या कुत्र्यात आधीच चिप असली, तर त्याला आधीचा मालकही आहे. मग पाकिटातली चिप सुईतच असताना वाचायची आणि नंबर पाकिटावरच्याशी जुळवायचा. लावल्यावर लगेच पुन्हा वाचायची, कारण कधीकधी ती सुईबरोबर बाहेर येऊन केसांत अडकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. महिन्याने परत. त्यानंतर दरवर्षी रेबीजच्या लसीला नेलं की त्याच टेबलावर. डॉक्टरांनी "कशाला ताई, असेल की" म्हटलं तरी हटू नका.

वाचायची रीत अशी. गळ्यातली साखळी काढा, लोखंडाजवळ स्कॅनर अडखळतो. त्याची बॅटरी भरलेली आहे ना ते बघा. अंगाला जवळजवळ टेकवून, नागमोडी, हळू फिरवा: मान, पाठ, दोन्ही खांदे, छातीची बाजू, पुढचे दोन्ही पाय. नाही वाजला तर स्कॅनर आडवा धरून पुन्हा. चिप कातडीखाली कशी पडली आहे त्यावर वाचणं अवलंबून असतं. घाईने दोनदा फिरवून "चिप नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तालुक्याच्या दवाखान्यात स्कॅनर असेलच असं नाही, फोन करून विचारूनच निघा. चार-पाच घरांनी वर्गणी काढून एक घेतला तरी चालतो. फक्त दाराच्या कार्डाचा, १२५ किलोहर्ट्झचा स्वस्त रीडर घेऊ नका, तो ही चिप वाचत नाही. एकाने तोच आणला आणि महिनाभर कुत्र्यालाच दोष देत होता.

नोंद

शेरूचा नंबर वाजला, पण तो माझा हे कशावरून? चिपच्या कंपनीकडे नंबरासमोर मालकाचं नाव-फोन नोंदवायचं असतं, त्या नोंदीत माझं नाव नव्हतंच. फॉर्म भरायचा राहिला होता, आणि त्यात चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात. त्यातला एक डॉक्टरांनी लसीच्या कार्डावर चिकटवून वर सही-शिक्का दिला होता. त्या कार्डाने कुत्रं परत मिळालं. तेव्हा एक स्टिकर लसीच्या कार्डावर, एक सातबाऱ्याच्या फाइलीत, आणि कंपनीची नोंद त्याच दिवशी, दवाखान्याच्या पायरीवर बसून. फोन नंबर दोन द्या, दुसरा लेकीचा किंवा भाच्याचा. आपल्याकडे सिम बदलतात आणि चिपच्या नोंदीची आठवण कुणालाच राहत नाही.

तरीही पट्टा

रस्त्यात कुत्रं सापडलेल्या माणसाच्या खिशात स्कॅनर नसतो, म्हणून पट्टा हवाच. लटकणारा बिल्ला नको, काट्यात अडकतो. भांड्याच्या दुकानात नाव टाकून देणारा असतो, त्याच्याकडून स्टीलच्या पट्टीवर मोबाइल नंबर कोरून घ्या आणि चांभाराकडून ती पट्टी पट्ट्यावर रिबीट मारून बसवा. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जागा ठेवा. पट्टीवर कुत्र्याचं नाव मात्र कोरू नका, नेणाऱ्याला हाक मारायला आयतं मिळतं.