सही असलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताय? या चुका टाळा

विचित्र आकाराची बॉडी, चार पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबक), हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाच्या पाटीवर) कधी न ऐकलेलं नाव आणि पुढच्या बाजूला काळ्या मार्करने केलेली एका मोठ्या वादकाची सही. अशी गिटार समोर आली की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. माझी पडली होती. विकणारा म्हणाला, गिटार साठच्या दशकातली, इटालियन, सहीही तेव्हाचीच. मी सही बघून गिटारवर विश्वास ठेवला आणि गिटार बघून सहीवर. घरी आणल्यावर नेकप्लेटवरचा, म्हणजे नेक (मान) बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरचा, स्टिकर सोलला, तर खाली कोरलेलं होतं: ‘मेड इन जपान’.

गिटार वाईट नव्हती. पण ज्या गोष्टीवर सहीची सगळी कहाणी उभी होती, ती गोष्टच कोसळली. तेव्हापासून मी तीन प्रश्न वेगळे ठेवतो. गिटार कुठली आणि कधीची? सही कोणाची? आणि ही सही या गिटारवर आली कधी? पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं खरी निघाली तरी तिसऱ्यात घोळ असू शकतो, आणि बहुतेक लोक तिसरा प्रश्न विचारतच नाहीत.

हेडस्टॉकवरचं नाव म्हणजे कारखाना नव्हे

ओळखीच्या मोठ्या कंपन्यांपेक्षा अनोळखी, चमत्कारिक गिटारींमध्ये ही चूक जास्त होते. ‘सिल्व्हरटोन’ हे नाव घ्या. ते अमेरिकेतल्या सिअर्स या विक्री कंपनीचं नाव. त्या नावाने विकलेल्या गिटारी डॅनइलेक्ट्रो, हार्मनी, के अशा निरनिराळ्या कारखान्यांनी बनवल्या आणि पुढे जपानच्या टीस्कोनेही. म्हणजे ‘सिल्व्हरटोन कुठे बनली’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. उलटही होतं: टीस्कोच्या कारखान्यातून निघालेल्या गिटारी अमेरिकेत किंग्स्टन, केंट अशा नावांनी विकल्या गेल्या. १९४६ मध्ये सुरू झालेली टीस्को १९६७ मध्ये कावाईच्या ताब्यात गेली, तेव्हा नाव तेच राहूनही मागचा मालक बदलला.

म्हणून नाव बाजूला ठेवा आणि सुटे भाग वाचा. बॉडीला मेसोनाइटचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा, तक्ता आणि लिपस्टिकच्या नळीसारखे चकचकीत पिकअप दिसले की आधी डॅनइलेक्ट्रो आठवावं. नेकप्लेटवर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असं लिहिलं असेल तर साठच्या दशकातली जपानी गिटार असण्याची शक्यता मोठी. पिकअपची झाकणं, ट्रेमोलोचा (तारांचा ताण बदलून सूर हलवणारा) हात, खुंट्यांचा आकार यांत कारखान्याची सवय दिसते. लोगो मात्र सुटा विकत मिळतो.

देशाचं नावही तारीख सांगतं. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘जीडीआर’ (पूर्व जर्मनी) असा ठसा असेल तर माल १९९० च्या एकीकरणाआधीचा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ संपायच्या आतला. योलाना हे तिथलं गिटारचं नाव, मुझिमा पूर्व जर्मनीतलं. दोन्हींच्या गिटारींवर अमेरिकी लोगो चिकटवून त्या ‘दुर्मिळ प्रोटोटाइप’ (विक्रीआधीचा पहिला नमुना) म्हणून विकणं फार अवघड नाही. प्रोटोटाइप हा शब्द ऐकला की मी खिशावर हात ठेवतो. गिब्सन या अमेरिकी कंपनीच्या ‘मॉडर्न’ गिटारचं उदाहरण घ्या. तिच्या डिझाइनचं पेटंट १९५८ चं, पण त्या काळात बनलेली एकही मॉडर्न आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. इतकी मोठी पोकळी दिसल्यावर ती भरून काढायला माणसं टपलेलीच असतात.

सिरियल नंबर खरा, अर्थ चुकीचा

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सिरियल नंबर एखाद्या तक्त्यात टाकून मिळालेल्या वर्षावर खूश होणं. साठच्या दशकात गिब्सनने तेच तेच नंबर पुन्हा वापरले, त्यामुळे एका नंबरावर दोन-तीन वर्षं निघू शकतात. १९७७ नंतरचे आठ आकडी नंबर मात्र वाचता येतात: पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन आकडे वर्षातला दिवस, शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रम. ८०३२३५१२ म्हणजे १९८३ सालचा बत्तिसावा दिवस, १ फेब्रुवारी. एक झटपट परीक्षा यातच आहे. मधले तीन आकडे ३६६ च्या वर गेले तर नंबरावर शंका घ्या (१९९४ चे ‘९४’ ने सुरू होणारे नंबर सोडून). नक्कल करणारे हल्ली इतकं चुकत नाहीत, पण अजून चुकतात.

फेंडर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण वेगळं. १९७६ च्या सुमारापर्यंत नंबर नेकप्लेटवर असे, आणि नेकप्लेट बहुधा चार स्क्रूंनी बसते. चार स्क्रू काढले की गिटारचं वय बदलता येतं. त्यातही कारखान्यात नेकप्लेटा क्रमाने वापरल्या जात नसत. एखाद्या डब्याच्या तळाशी राहिलेली प्लेट वर्षभराने लागली असेल, तर त्यात कोणाची लबाडी नाही. नेकच्या टाचेवर शिक्क्याने किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख जास्त बोलकी, पण तीही फक्त नेकची. पूर्ण गिटारची नाही.

पॉटवरचे आकडे

मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो आवाज आणि टोनच्या बटणांखाली लपलेल्या पॉटवर, म्हणजे ती बटणं ज्याला फिरवतात त्या विद्युत भागावर. अमेरिकी पॉटच्या पाठीवर बहुधा एक संकेतांक असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. त्यानंतर वर्ष आणि आठवडा. १३७६६२३ म्हणजे सीटीएसने १९६६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनवलेला पॉट. जुन्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असतो, तिथे दशक इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

पण इथेच लोक उलटा निष्कर्ष काढतात. पॉट १९६६ चा म्हणून गिटार १९६६ ची, असं होत नाही. पॉट फक्त इतकंच सांगतो की हे वायरिंग त्याच्या आधीचं नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेतला की पुढची काही वर्षं तेच लागत राहिले. त्यामुळे १९६९ च्या गिटारमध्ये १९६६ चे पॉट सापडले तर दचकू नका. १९६४ ची म्हणून विकलेल्या गिटारमध्ये सापडले तर मात्र दचका, आणि सोल्डरचे डाग बघा. मूळ सोल्डर जुनाट, निस्तेज दिसतं आणि एका हातचं असतं. चकचकीत नवा डाग म्हणजे कोणीतरी मध्ये हात घातलाय. भाग बदलला असेल किंवा नुसती तुटलेली वायर जोडली असेल. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवा.

पिकगार्ड (बॉडीवर तारांखाली बसवलेली पाटी) उघडण्याआधी प्रत्येक पायरीचे फोटो काढा. नेक काढायचा असेल तर आधी तारा सैल करा, आणि तो स्क्रूंनी बसवलेला आहे याची खात्री करून घ्या. चिकटवलेला नेक ‘आत तारीख असेल’ म्हणून हलवायला गेलेले लोक मी पाहिलेत. एक जुना डागही तोडू नका, कारण तोच तुमचा पुरावा आहे.

छापील सहीला सही समजणं

हसू येईल, पण हे सतत घडतं. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या हेडस्टॉकवर ‘लेस पॉल’ ही अक्षरं सहीसारख्या वळणात असतात, ती कारखान्यातली. १९८८ पासून विकल्या गेलेल्या फेंडरच्या एरिक क्लॅप्टन मॉडेलच्या हेडस्टॉकवरही त्याची सही असते, तीही छापलेली. भिंगाखाली बघा: छापील रेषेला कडेला दाब नसतो आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे शाई गडद होत नाही.

मॉडेलचं नाव आणि हाताने केलेली सही यांची गल्लत आणखी महागात पडते. स्टीव्ही रे व्हॉन या वादकाच्या नावाची फेंडर गिटार बाजारात आली १९९२ मध्ये. तो गेला २७ ऑगस्ट १९९० रोजी. दुकानातून घेतलेल्या त्या मॉडेलवर त्याची ‘हातची’ सही कोणी दाखवली, तर भिंग काढायचीही गरज नाही.

सही हुबेहूब जुळली, म्हणून आनंद

हीच ती चूक जिच्यात शहाणी माणसं फसतात. ओळखीच्या सहीशी ती इतकी तंतोतंत जुळते की एकीवर दुसरी ठेवली तर केसाचाही फरक नाही. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच अशा जुळत नाहीत. तंतोतंत जुळणी म्हणजे गिरवलेली नक्कल, शिक्का किंवा ऑटोपेन, म्हणजे सही करणारं यंत्र. यंत्राच्या रेषेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच दाब, आणि कधीकधी टोकाला शाईचा बारीक ठिपका. गिरवलेल्या सहीत वळणावर थरथर दिसते, कारण हात घाबरत घाबरत चाललेला असतो.

तुलना करताना तसाच पृष्ठभाग आणि तोच काळ घ्या. कागदावर केलेली सही आणि उभ्या गिटारच्या गोलाईवर घाईघाईत मारलेली सही सारखी दिसणार नाही. माणसाची सही वीस वर्षांत बदलते. कारकिर्दीच्या सुरुवातीला पूर्ण नाव, नंतर नुसती एक वळवळ. आणि मार्करही तारीख सांगतो. शार्पी पहिल्यांदा विकायला आली ती १९६४ मध्ये. तिच्या शाईने १९६२ च्या कार्यक्रमात सही झाली असेल, तर सही करणारा काळाच्या पुढे होता.

अख्ख्या बँडच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने आणि एकमेकींना जागा सोडत शिस्तीत मांडलेल्या दिसल्या तर थांबा. चौघांचे हात वेगळे, स्वभाव वेगळे. कोणीतरी दुसऱ्याच्या सहीवर चढणारच.

दोन कालरेषा कुठे भेटतात

आता तो तिसरा प्रश्न. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत लेपाला, वर्षांनुवर्षं थंडी-उष्णता सोसून केसासारख्या भेगा पडतात. सहीची शाई त्या भेगांत झिरपलेली दिसली तर सही भेगा पडल्यानंतरची. भेगेने शाईची रेषाच तोडली असेल तर सही आधीची. हे पाहायला दहापट भिंग आणि तिरका उजेड पुरतो. यापेक्षा सरळ साक्षीदार मला माहीत नाही, आणि त्याबद्दल विकणाऱ्याने आगाऊ काही रचून ठेवलेलं नसतं.

अतिनील दिवा अंधाऱ्या खोलीत लावला की जुनं नायट्रो लॅकर बहुधा हिरवट-पिवळसर चमकतं, आणि नंतर मारलेला रंग वेगळा, डागासारखा उठून दिसतो. सहीच्या भोवतीच असा वेगळा तुकडा दिसला, तर तिथे आधी काहीतरी होतं किंवा सहीवर नंतर लॅकर मारलं गेलंय. १९९५ पासून मुद्दाम झिजवलेल्या ‘रेलिक’ गिटारी कारखान्यातूनच निघतात, म्हणून नुसती झीज वय सांगत नाही. हात टेकतो तिथे झीज आणि बाकी बॉडी कोरी, की सगळीकडे सारखीच ‘सुंदर’ झीज, हे बघा.

सही पिकगार्डवर असेल तर शंका दुप्पट करा. सुट्या पिकगार्डांवर सह्या घेऊन ती स्वस्त गिटारींवर बसवायची पद्धत जुनी आहे. सही खरी असेलही, पण तिचा तुमच्या गिटारशी काही संबंध नसेल. पिकगार्डच्या कडेखाली रंगाची फिकट-गडद सीमा त्याच्या आकाराशी जुळते का, स्क्रूंची रिकामी भोकं आहेत का, ते तपासा.

प्रमाणपत्र आणि फोटो

विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचंच बोलणं, फक्त जाड कागदावर. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या संस्था सहीबद्दल मत देतात. गिटारच्या वयाबद्दल नाही. त्यांचा क्रमांक त्यांच्याच नोंदीत शोधा आणि तिथे फोटो असेल तर रेषा रेषा ताडून पाहा, कारण स्टिकर दुसऱ्या वस्तूवरून उचलून लावता येतो. एफबीआयने नव्वदच्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची जी टोळी पकडली, तिच्या मालालाही प्रमाणपत्रं होतीच.

फोटोत वादक सही करताना दिसतो. पण कोणत्या गिटारवर? लाकडाच्या रेषा, एखादी गाठ, कासवपाठी पिकगार्डची नक्षी हे बोटांच्या ठशांसारखं असतं. कॅनडाचा वादक रँडी बॅकमन याची १९५७ ची ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटोतून चोरीला गेली. जुन्या फोटोतल्या लाकडाच्या खुणा जुळवून ती २०२० मध्ये टोकियोत सापडली आणि १ जुलै २०२२ रोजी त्याच्या हातात परत आली. जुळवताना दोन गोष्टी विसरू नका. छापताना फोटो उलटला असेल तर डावं-उजवं बदलतं. आणि खरचटा आपोआप नाहीसा होत नाही: फोटोतला टवका आजच्या गिटारवर असलाच पाहिजे, नसेल तर रंग पुन्हा मारलाय किंवा गिटार दुसरी आहे. आज दिसणारा टवका फोटोत नसेल, तर त्याने काही बिघडत नाही.

सही खरी निघाली तर पुढची चूक तुमच्या घरात होईल. मार्करच्या सहीवर गिटार पॉलिश किंवा अल्कोहोल चालवू नका, ती फडक्यावर येते. ‘जपण्यासाठी’ वरून लॅकर फवारू नका, त्यातल्या द्रावकाने शाई पसरते. उन्हाच्या खिडकीसमोर टांगू नका. आणि नायट्रो लॅकर असेल तर रबराचं आवरण असलेल्या स्टँडवर महिनोन्‌महिने ठेवू नका. माझ्या त्या जपानी गिटारच्या पाठीवर कधीच्या तरी स्टँडचे दोन चिकट, काळपट पट्टे अजून आहेत.