सहा राज्यं, बारा तुकड्या: पावसाळ्यात खेळायची युद्धखेळाची मोहीम

क्लबची मोहीम, म्हणजे टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या लढायांची साखळी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या फेरीला मोडते. पहिल्या दोन लढायांत ज्याचं सैन्य संपलं, त्याला पुढे नुसतं हरायलाच यायचं असतं. मग तो येत नाही, आणि दोन आठवड्यांत टेबलं रिकामी पडतात. म्हणून मोहिमेचे नियम लिहिताना आधी हरणाऱ्याचा विचार करावा.

लढाईसाठी डीबीए (डी बेलिस अँटिक्विटाटिस) हे प्राचीन काळातल्या लढायांचे नियम घ्या. ते 1990 सालचे आहेत. दर सैन्यात बारा तुकड्या असतात आणि लढाई साधारण तासाभरात संपते. 15 मिमी मूर्तींना 60 सेंटिमीटर चौरस टेबल पुरतं. प्रत्येक तुकडीची पट्टी, म्हणजे मूर्ती चिकटवायचा तळ, 40 मिमी रुंद असते, म्हणजे बारा तुकड्या एका रांगेत लावल्या तर 48 सेंटिमीटर आघाडी होते. नवखे हीच चूक करतात. दर खेपेला एक फासा टाकायचा आणि जेवढा आकडा पडेल तेवढ्याच हालचाली मिळतात. सलग गट एका हालचालीत सरकतो, पण रांग तुटली की प्रत्येक तुकडा वेगळी हालचाल मागतो. त्यामुळे नऊ तुकड्या पुढे आणि तीन मागे राखीव ठेवाव्यात. चार तुकड्या गमावल्या आणि त्या शत्रूपेक्षा जास्त असल्या की हार.

पार्श्वभूमी आपल्याच मातीतली घ्या. इ.स. 634च्या ऐहोळे शिलालेखात बदामीचे चालुक्य, कलचुरी, कोकणचे मौर्य, वनवासीचे कदंब, गंग आणि आळुप असे सहाही संघ तयार मिळतात. रेवतीद्वीप त्यातच येतं. ते म्हणजे गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल नदीपलीकडची रेडी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मौर्यांचा एक ताम्रपट तर गोव्यातल्या बांदोड्यालाच सापडला आहे.

सहाही सैन्यं सारखीच ठेवली तर तोल टिकतो: हत्ती 2, घोडदळ 3, धनुर्धारी 4, तलवारवाले 2, हलके भालाईत 1. दर पट्टीवर अनुक्रमे 1, 3, 4, 4 आणि 2 मूर्ती, म्हणजे एकूण 37. तो एकटा भालाईत जपा. त्याने हत्तीला हरवलं तर हत्ती नुसता मागे हटत नाही, मरतोच. कोकणातल्या लढाईत टेबलावर खाजन (खाडीकाठची पाणथळ जमीन) आणि झाडी मांडा. अशा जागी लढताना घोडा आणि हत्ती यांच्या फाशातून दोन गुण कमी होतात, धनुर्धाऱ्यांचे होत नाहीत. मौर्यांचा बचाव यावरच उभा आहे.

आता मोहीम. नकाशावर प्रत्येकाची एक राजधानी आणि दोन प्रदेश. एक रविवार म्हणजे एक फेरी. शनिवारी रात्री आठपर्यंत प्रत्येकाने पंचाला एकच ओळ कळवायची: कुठे चाल करणार, की थांबणार. पंच स्वतः खेळत नाही. एकाच प्रदेशावर दोघे चालून आले तर कोण लढणार ते फाशाने ठरवा. ज्यांच्या वाट्याला लढाई आली नाही, त्यांची आपसांत चकमक लावा. रविवारी आलेला कुणीही बघत बसता कामा नये.

जिंकणाऱ्याच्या सगळ्या तुकड्या परत येतात. हरणाऱ्याच्या पडलेल्यांपैकी दोनच पुढच्या फेरीपुरत्या बाहेर राहतात. सैन्य कधीही दहाच्या खाली जाऊ देऊ नका. आठावर आलं की आघाडी 32 सेंटिमीटरची होते, दोन्ही बाजू उघड्या पडतात, आणि बाजूला शत्रूची आघाडी टेकली असताना मागे हटावं लागलेली तुकडी थेट मरते. निकाल मांडणीतच लागतो.

प्रदेश जिंकला की 3 गुण, कुठलीही लढाई खेळली की 1. जिंकलेल्या प्रदेशातून जादा सैन्य मात्र कधीच नाही. तो नियम घातला की पहिला विजेता पाचव्या फेरीपर्यंत सगळ्यांना चिरडतो. राजधानी जिंकता येत नाही. तिथे हरणारा 2 गुण खंडणी देतो आणि राज्य टिकतं. गंग-आळुपही चालुक्य राजा पुलकेशीसमोर वाकलेच होते. कुणी आला नाही तर त्याचं सैन्य दुसऱ्याने चालवावं, गुण मूळ मालकाचे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी सुरुवात करा, दहा फेऱ्या धरा. गणेश चवथीआधी मोहीम संपवायचीच. त्यानंतर घरोघरी पाहुणे असतात, कुणी मोकळा नसतो.

रंगकामाचा पहिला थर मिरग लागण्याआधी उरका. दमट हवेत स्प्रेचा प्राइमर मूर्तीवर बसण्याऐवजी खरखरीत पिठासारखा जमतो. राहिलंच असेल तर ब्रशने लावा. फेव्हिक्विकही थेंबभरच. जास्त झालं की त्याची वाफ दमट हवेत पांढरी होऊन रंगावर बसते. एमडीएफच्या पट्ट्या कडांतून पाणी पिऊन फुगतात, रांगेत एकमेकींना नीट टेकत नाहीत. 3 मिमी सनबोर्ड वापरा, तो पाणी पीत नाही. शिशाच्या मूर्ती लाकडी कपाटात बंद ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि भाल्यांची टोकं आधी झडतात. प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि उघडीप मिळाली की पुड्या वाळवून परत आत.