मेलबर्नला आई-बाबा आले की आधी ट्राम दाखवा

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या खेड्यांतून इथे येऊन नुकतेच स्थिरावलेल्या आणि आता आई-बाबांना बोलावणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. कापूस-तूर घरात आली की ते येतात. तुम्ही ड्युटीवर जाता आणि ज्या माणसांचा सगळा दिवस वावरात आणि पारावर गेला, ती चार भिंतींत बसून राहतात. असं होऊ देऊ नका. त्यांना एकट्याने फिरता येईल असं साधन शहराच्या मध्यभागी आहे, तेही फुकट.

३५ नंबरची सिटी सर्कल ट्राम. डब्ल्यू क्लासच्या या जुन्या ट्राम १९२३ ते १९५६ या काळात बनल्या. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वेत बसलेल्या बाबांना ती लगेच आपली वाटेल. शकुंतलेचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९२१ चं, म्हणजे काळ जवळपास तोच. आपली शकुंतला बंद पडली, या शहराने मात्र जुनी गाडी रस्त्यावर चालती ठेवली. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपासून बसवा. वाटेत पार्लमेंट, १८८० ची एक्झिबिशन बिल्डिंग, स्टेट लायब्ररी लागते. पायरी उंच आहे, म्हणून गुडघे दुखत असतील तर खालच्या तळाच्या नव्या ट्रामने न्या. मध्यभागाच्या हद्दीत २०१५ पासून सगळ्याच ट्राम मोफत आहेत.

त्या हद्दीत मायकी कार्ड, म्हणजे इथलं तिकिटाचं कार्ड, मशीनला लावायचं नाही, लावलं तर पैसे कटतात. हद्दीबाहेर जायचं असेल, समजा ९६ नंबरने सेंट किल्डाच्या समुद्रावर, तर कार्ड लावलंच पाहिजे. कंडक्टर नाही आणि गाडीत कार्ड विकतही मिळत नाही, ते आधीच स्टेशनवर किंवा सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात घ्या. तपासनीस कधी साध्या कपड्यांतही असतात आणि दंड जबर असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते आणि दारातून पाय थेट डांबरावर पडतो. दारं उघडी असताना गाड्यांनी मागे थांबायचं, असा कायदा आहे. तरीही उतरण्याआधी डावीकडे पाहायचं, हे आईकडून दोन-तीनदा करून घ्या. आणि रूळ ओलांडताना सांभाळायचं, कारण ट्राम बाजूला वळू शकत नाही, ब्रेकही लवकर लागत नाही, हे सांगा. एसटीला हात दाखवायची सवय इथेही कामी येते, कारण थांब्यावर उभं राहून ट्रामला हात करायचा असतो.

आईला इंग्रजी वाचता येत नसेल तर थांब्याचा नंबर मोठ्या इंग्रजी आकड्यांत कागदावर लिहून द्या. प्रत्येक थांब्याला नंबर असतो, आकडा जुळवता येतो. खाली तुमचा मोबाइल नंबर. पहिल्या दोन खेपांना सोबत जा, तिसऱ्यांदा जाऊ नका. ३५ नंबर गोल फिरते, म्हणून थांबा चुकला तरी ते शहराच्या मध्यभागीच राहतात.

क्वीन व्हिक्टोरिया मार्केटही मोफत हद्दीतच आहे. सोमवारी आणि बुधवारी ते बंद असतं, बाकीच्या दिवशी आईला भाजी निवडून घ्यायला तिथे सकाळी पाठवा. ऑफिस सुटायच्या गर्दीआधी, चारच्या आत परत निघा म्हणावं.