१० बाय ९ ची बेडरूम: आधी पलंगाचं माप, मग बाकी सगळं

लहान बेडरूम मोठी वाटावी म्हणून भिंती पांढऱ्या करा, आरसा लावा, असं सगळेच सांगतात. मी माझी, बहिणीची, दिराची आणि भाड्याच्या दोन घरांमधली बेडरूम लावली आहे. रंगाने खोली उजळते, एवढंच. रात्री पाणी प्यायला उठल्यावर पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटायची ती आपटतेच. चालायला मोकळी फरशी असली की खोली मोठी वाटते, आणि फरशी खातो तो पलंग.

मापं घेताना प्रत्येक भिंत तीनदा मोजा: स्कर्टिंगपाशी, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या उंचीवर. जुन्या इमारतींत तिन्ही आकडे वेगळे येतात; त्यातला सर्वांत लहान धरा. दार उघडल्यावर कुठवर येतं तेही फरशीवर खडूने आखा.

आता पलंग. इथे मी स्वतः फसले, म्हणून सविस्तर सांगते.

आमची बेडरूम १० फूट बाय ९ फूट. ९ फुटांच्या भिंतीला कपाट, ते २४ इंच पुढे येतं. म्हणजे उरले ९६ इंच. दुकानदार म्हणाला, "६ फुटी पलंग आरामात बसेल." मीही हिशेब केला, ९६ मधून ७२ गेले, २४ इंचांची वाट राहील. पण ७२ हे गादीचं माप. बाजूच्या फळ्या धरून पलंग ७५ इंच भरला. समोरच्या भिंतीला चिकटवूनही वाट उरली २१ इंच, आणि कपाटाचं एकेक शटर २० इंचांचं. शटर उघडलं की उभं राहायला जागाच नाही. चार वर्षं मी पलंगावर गुडघे टेकून साड्या काढल्या.

दुकानात गादीचं माप सांगतात, तुम्ही पलंगाचं बाहेरचं माप विचारा. ५ फुटी पलंग बाहेरून साधारण ६३ इंच होतो. भिंतीपासून ३ इंच सोडले तरी कपाटासमोर ३० इंच राहतात. लांबीला ७८ इंचांची गादी हेडबोर्ड धरून ८२ इंच होते, म्हणजे ९ फुटांत पायथ्याशी २६ इंच मिळतात. २४ इंचांपेक्षा कमी वाट ठेवू नका. अंग तिरकं करून चालावं लागतं. दोघांना ५ फूट पुरतात. मूल मधे झोपत असेल तर त्याच्यासाठी रात्री खाली गादी घाला, पण त्यासाठी ६ फुटी पलंग घेऊ नका.

"मग स्लायडिंग शटर लावा," असं मिस्त्री म्हणेल. दोन रुळांसाठी कपाट आणखी ३ इंच पुढे आणावं लागतं, नाहीतर हँगर शटरला घासतात. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. पलंग लहान करता येत असेल तर तोच करा.

ऑर्डर देण्याआधी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून पलंगाच्या बाहेरच्या मापाचा कागद फरशीवर अंथरा. त्यावर पाय न देता दोन दिवस वावरा. कपाट उघडा, केर काढा, रात्री दिवा न लावता दारापर्यंत जा. कागदावर पाय पडला तर तो पलंग तुमच्या खोलीचा नाही.

सामानासाठी हायड्रॉलिक बॉक्स घ्या, म्हणजे गादीखालची फळी पंपांवर वर उचलून आत सामान ठेवायचा पलंग. ड्रॉवर ओढायला समोर जागा लागते, ती आपल्याकडे नाही. कापसाची जड गादी असेल तर ते मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर पंप कमी पडतात आणि फळी वर राहत नाही. भिंतीपासूनचे ते ३ इंच पावसाळ्यासाठीही हवेत. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या बॉक्समध्ये बुरशी धरते, माझ्या दोन रजया त्यात गेल्या.

बाकीचं सोपं आहे. भिंतींना एकच फिका रंग द्या. साइड टेबलाऐवजी भिंतीला एक फळी ठोका. आरसा लावायचाच तर खिडकीसमोर. वर्षातून एकदा लागणारं सामान माळ्यावर. पडद्याची दांडी छतालगत आणि खिडकीहून दोन्हीकडे फूटभर रुंद.

पडदे मात्र पलंग आल्यावरच शिवायला टाका. पलंग खिडकीखाली आला तर पडदा फरशीपर्यंत नको, गादीच्या चार बोटं वर संपवा; नाहीतर तो रोज रात्री उशीखाली येतो.