ग्रामपंचायतीचा खर्च कसा तपासावा

गावात आलेल्या निधीचे नेमके काय झाले, हे जाणून घ्यायचे असेल तर ‘किती आले’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या बाबीसाठी आले’ हे विचारावे. ग्रामपंचायतीकडील बराचसा पैसा ठरावीक कामांसाठीच बांधलेला असतो, आणि ही वाटणी ठाऊक नसल्यामुळे ‘रस्त्याला पैसा नाही, मग गटाराला कुठून आला’ असे वाद ग्रामसभेत विनाकारण पेटतात.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राकडून येणारा निधी घ्या. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील या निधीपैकी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी आहे. मिळालेल्या रकमेतील ६० टक्के बंधित असून त्यातील निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी वापरायची असते. उरलेली ४० टक्के अबंधित. म्हणजे १० लाख रुपये आले, तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे आणि ४ लाख गावाच्या निकडीच्या कामांचे. या ४ लाखांतूनही कर्मचाऱ्यांचे पगार किंवा आस्थापना खर्च भागवता येत नाही.

घरपट्टीसारख्या करांतून जमणाऱ्या स्वनिधीचा हिशेब वेगळा ठेवून पाहावा. त्यातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून खर्च करणे अपेक्षित आहे. माझ्या मते सर्वात आधी तपासावी ती हीच बाब, कारण ज्यांच्यासाठी ही तरतूद आहे त्यांनाच बहुधा तिची माहिती नसते.

त्यानंतर कागदपत्रांकडे, म्हणजे ‘नमुने’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रामपंचायतीच्या ठरावीक क्रमांकांच्या नोंदींकडे वळावे. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ३ म्हणजे जमा-खर्चाचे विवरण आणि नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वही. अंदाजपत्रकात केवळ इरादा दिसतो; पैसा प्रत्यक्ष कोणत्या तारखेला आणि कोणाला दिला गेला, हे रोकड वहीतच सापडते. सगळे नमुने एकदम चाळण्यापेक्षा एकच काम निवडावे आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढावा. समजा, वस्तीतील नळ पाइपलाइन निवडली, तर ते काम गावाच्या विकास आराखड्यात होते का, त्याचे अंदाजपत्रक किती रकमेचे होते, मोजमाप पुस्तिकेत पाइपची लांबी व व्यास किती नोंदवला आहे आणि देयक त्याच मापावर निघाले आहे का, हे क्रमाने पाहावे. मग टेप घेऊन चार शेजाऱ्यांसह जागेवर जावे.

आराखड्यातील कामे आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर व अ‍ॅपवर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडून घरबसल्या पाहता येतो. तेथे रक्कम कळते, कामाचा दर्जा कळत नाही.

मोजमाप पुस्तिका पाहायला मिळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत साधारणतः ३० दिवसांची असते. अर्जात ‘गेल्या पाच वर्षांचा सर्व खर्च’ असे मोघम न मागता कामाचे नाव, आर्थिक वर्ष आणि हवे ते कागद नेमके लिहावेत. तफावत आढळल्यास ती ग्रामसभेत लेखी मांडावी आणि इतिवृत्तात नोंद झाल्याची खात्री करूनच उठावे.